पृथ्वी फोडल्याची नोंद

वजनमापे खात्यातून निवृत्त होऊन मापसाहेबांना दोन वर्षं झाली, पण खातं काही त्यांच्या अंगातून गेलं नव्हतं. दुकानात शिरले की त्यांची नजर आधी मालावर नाही, तराजूच्या काट्यावर जायची, आणि त्यांना लांबून येताना पाहूनच निम्मे दुकानदार सरळ उभे राहायचे. त्यांचं खरं नाव काय ते आता पोस्टमनलाच ठाऊक. बाकी गावाला ते मापसाहेब आणि त्यांची बायको वहिनी. पस्तीस वर्षांच्या नोकरीत आपण एकही खोटा दाखला दिला नाही, हे ते रोज कोणाला ना कोणाला सांगायचे. कोणी भेटलंच नाही तर वहिनी होत्याच.

अशा माणसाने सकाळी शाळेवरून फिरायला जावं आणि नेमका तिथे भंगारवाला तराजू लावून बसलेला असावा, याला भंगारवाल्याचं नशीब म्हणायचं, दुसरं काय? गावातली जुनी शाळा नव्या इमारतीत हलत होती. मोडके बाक, फाटके नकाशे, हजेरीपटांचे गठ्ठे असं सगळं फाटकाबाहेर येऊन पडलं होतं.

"दांडी डावीकडे झुकतेय," मापसाहेब म्हणाले.

भंगारवाल्याने कपाळाला हात लावला. "साहेब, तुम्ही रिटायर झालात ना?"

"मी झालो. गुरुत्वाकर्षण अजून नोकरीत आहे."

असं म्हणून त्यांनी ढिगाऱ्यातली एक जाडजूड वही उचलली. ती आधी एका पारड्यात ठेवली, मग दुसऱ्या. दुसऱ्या पारड्यात ती आपोआप उघडली आणि मापसाहेब तराजू विसरले. हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

ती शाळेची शिक्षा-वही होती. जुन्या हेडमास्तरांनी सलग अकरा वर्षं मोत्यासारख्या अक्षरात ठेवलेली. तारीख, नाव, इयत्ता, गुन्हा, शिक्षा, कोणी सांगितले आणि शेवटी शेरा, असे सात रकाने. 'फळ्यावर गुरुजींचे चित्र काढणे. चित्र हुबेहूब असल्याने शिक्षा दुप्पट.' 'वर्गात कासव आणणे व हजेरीच्या वेळी कासवातर्फे हजर म्हणणे.' 'शाळेस उशीर. विचारता, लवकर निघालो होतो असे उत्तर.' मापसाहेब भर रस्त्यात हसले. भंगारवाला घाबरला. त्याने या माणसाला दंड करताना पाहिलं होतं, हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्याने वही मुकाट्याने देऊन टाकली, वर दांडीही सरळ केली.

घरी आल्यावर मापसाहेब वही वाचत बसले आणि वहिनी स्वयंपाकघरातून त्यांचं हसणं ऐकत राहिल्या. पान त्र्याहत्तरवर ते हसणं बंद झालं.

'पृथ्वीचा गोल फोडणे. शिक्षा : दहा छड्या, आठवडाभर वर्गाबाहेर. कोणी सांगितले : वर्गप्रमुख.'

ज्या मुलाच्या नावापुढे ही नोंद होती तो आता गावातला शिंपी होता. बाजारपेठेच्या तोंडाशीच त्याचं दुकान होतं. आणि वर्गप्रमुख कोण, हे वहीत लिहिलेलं नसलं तरी मापसाहेबांना पक्कं माहीत होतं, कारण ते स्वतःच होते. गोल फोडणारेही तेच होते. मधल्या सुट्टीत एकटेच वर्गात बसून पृथ्वीचा परीघ दोरीने मोजत होते. पुस्तकात दिलेला आकडा बरोबर आहे का, ते बघायचं होतं. दोरी ओढली आणि पृथ्वी टेबलावरून खाली आली. हेडमास्तर धावत आले तेव्हा दारात नेमका तो मुलगा उभा होता. "कोणी फोडला?" या प्रश्नाला वर्गप्रमुखाच्या तोंडून जे नाव निघालं, ते सत्तेचाळीस वर्षं झाली तरी परत आत गेलं नव्हतं.

"एकही खोटा दाखला दिला नाही म्हणता ना?" वहिनी सगळं ऐकून म्हणाल्या. "हा घ्या, पहिलाच. नोकरी लागायच्या आधीचा."

"चेष्टा करू नकोस. त्याने मनात ठेवलंय ते. इतकी वर्षं माझे कपडे शिवतोय, पण कधी दोन वाक्यं धड बोलला नाही. नुसतं 'हं' करतो."

"मग जा आणि सांगून टाका एकदाचं."

मापसाहेब गेले. शिंपी तोंडात टाचण्या धरून मशीनवर वाकला होता. "एका जुन्या गोष्टीबद्दल बोलायचं होतं," मापसाहेब म्हणाले. शिंपी म्हणाला, "हं." मापसाहेबांनी विषय बदलला. "म्हणजे... एक पँट शिवायची होती." दुसऱ्या दिवशी गेले आणि आणखी दोन पँटी टाकून आले. तिसऱ्या दिवशी वहिनींनी दार अडवलं. "आता पश्चात्ताप पुरे," त्या म्हणाल्या, "कपाटात जागा नाही."

तोवर ही वही शेजारच्या गार्डच्या हाती लागली होती. हा गृहस्थ रेल्वेत गार्ड होता. आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून हिरवं निशाण दाखवल्यामुळे असेल, पण दुसऱ्याला पुढे ढकलायची त्याला भारी हौस. "मापसाहेब, ही वही नाही, गावाचा इतिहास आहे! प्रदर्शन भरवा!" तो म्हणाला. एवढ्यावर न थांबता तो थेट शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंकडे गेला. बाईंनाही कल्पना पसंत पडली. जुनी इमारत पाडून तिथे गाड्या उभ्या करायची जागा होणार होती. पण मास्तरांची रस्त्याकडची एक खोली शाळेच्या आठवणींसाठी राखता आली असती. नगरपालिकेची अट एवढीच की आधी एक दिवसाचं प्रदर्शन भरवा, आमचा माणूस येऊन अहवाल देईल, तो बरा असेल तर खोली तुमची.

मापसाहेबांचं मन खोलीवर बसलं. खिडकीपाशी हेडमास्तरांचं टेबल, भिंतीवर नकाशे, मधोमध वही. फक्त पान त्र्याहत्तरचं काय करायचं ते सुचत नव्हतं.

नगरपालिकेतल्या परवाना खिडकीवरचा कारकून मान वर न करता बोलायचा. त्याचं तोंड कसं आहे हे गावात फार थोड्यांना माहीत होतं.

"जुन्या वस्तूंचं प्रदर्शन म्हणता. वस्तू किती वर्षांची?"

"चाळीस-पन्नास."

"शंभर लागतात. पन्नास वर्षांनी या."

"शैक्षणिक म्हणून नाही का देता येणार?"

"देता येईल. यातून मुलं काय शिकतील ते लिहून द्या."

मापसाहेबांना कासव आठवलं आणि त्यांनी तो नाद सोडला.

"करमणूक धरा," कारकून म्हणाला. "सर्कस, जादूचे प्रयोग, त्यात बसून जाईल. वाळूच्या दोन बादल्या आणि जनावरांचा दाखला आणा."

"आमच्याकडे जनावरं नाहीत हो!"

"मग नाहीत असा दाखला आणा. गुरांच्या डॉक्टरांचा. जनावर आहे की नाही हे ठरवायला तज्ज्ञ लागतो."

ज्या माणसाने पस्तीस वर्षं दुसऱ्यांना दाखल्यासाठी हेलपाटे घालायला लावले, त्याच्यावर ही वेळ आलेली पाहून बाजारपेठेत त्या दिवशी बऱ्याच जणांना चहा गोड लागला.

गुरांचे डॉक्टर दुसऱ्याच दिवशी मास्तरांच्या खोलीत आले. टेबलाखाली वाकून पाहिलं, कपाट उघडून पाहिलं, 'एकही जनावर आढळले नाही' असं लिहून सही केली आणि जाता जाता वहीवर नजर टाकली. मग त्यांचा चेहरा उतरला. कासववाला मुलगा म्हणजे तेच.

"हे पान तेवढं झाकता येईल का?" ते हळूच म्हणाले. "लोक माझ्याकडे विश्वासाने गाई आणतात."

"डॉक्टर, नोंद म्हणजे नोंद," मापसाहेब म्हणाले. आवाज अगदी नोकरीतला लागला होता.

डॉक्टरांमुळे बातमी फुटली. मग खोलीत माणसांची रीघच लागली. प्रत्येक जण 'सहज आलो होतो' म्हणायचा आणि सहजच आपलं पान शोधायचा. नगराध्यक्षांच्या नावावर चौदा नोंदी निघाल्या, त्यातल्या नऊ 'दुसऱ्याचा निबंध आपला म्हणून वाचणे' या गुन्ह्याच्या. ते स्वतः आले, मापसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "इतिहास जपायलाच हवा. पण काही पानं एकमेकांना चिकटलेली असली तरी तो जपला जातोच की."

"एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही."

"पण हे सगळं खरंच आहे कशावरून? लेकरांनी एकमेकांवर काहीबाही ढकललं असेल."

"सगळ्या नोंदी खऱ्या आहेत. मी हमी देतो," मापसाहेब छाती काढून म्हणाले. वाक्य पुरं होता होता त्यांना पान त्र्याहत्तर आठवलं आणि छाती आपोआप आत गेली. आपण एवढ्या जोरात बोलायला नको होतं, असं त्यांना फार वाटलं. पण बोलून गेलेले शब्द कुठे परत तराजूत येतात!

पुढच्या आठवड्यात मात्र वारंच फिरलं. कासवाची गोष्ट ऐकून एक गवळी म्हणाला, "म्हणजे आमच्या डॉक्टरांना लहानपणापासूनच मुक्या जिवांचा लळा!" डॉक्टरांच्या दवाखान्यापुढे गाईंची रांग लागली. नगराध्यक्षांनाही कोणी तरी सांगितलं की तुमच्या चौदा आहेत आणि विरोधकाच्या फक्त दोन, त्याही उशिरा येण्याच्या. झालं! नगराध्यक्षांचा निरोप आला : चौदाच्या चौदा पानं काचेच्या चौकटीत लावा, आणि जमलं तर दारासमोरच.

आणि मग सुरू झाला ज्यांची नावं वहीत नव्हती त्यांचा जाच. शिक्षा झालेली माणसं परवडली, न झालेली फार वाईट. एक जण तळहातावरचा वळ दाखवायला आला. तो वळ कालच्या कढईचा आहे हे त्याच्या बायकोनेच सांगितलं. गार्ड दुसऱ्या गावच्या शाळेत शिकलेला, तरी त्याचा आग्रह, की 'पाहुणे गुन्हेगार' असं एक वेगळं टेबल मांडा. सगळ्यात केविलवाणे होते गावचे ग्रंथपाल. ते आले, वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा चाळली आणि खुर्चीत बसून राहिले.

"सात वर्षं होतो मी या शाळेत," ते म्हणाले. "एकदाही नाव नाही. उद्या कोणी म्हणालं हा माणूस इथे शिकलाच नाही, तर मी काय दाखवू? एखादी बारीकशी घाला ना. कुजबुजणे वगैरे."

मापसाहेबांना त्यांची दया आली. पण काय करणार? ज्यांच्या हातून काही घडलंच नाही त्यांचा हिशोब कोण ठेवतो?

वहिनींचं मात्र तसं नव्हतं. 'प्रार्थनेच्या वेळी शिट्टी मारणे' ही नोंद त्यांची निघाली. लग्नानंतर चौतीस वर्षं ज्या बाईने मापसाहेबांना 'आमच्या घरी कोणी मोठ्याने हसतसुद्धा नसे' असं ऐकवलं, तिने ही नोंद वाचली आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी वाजवली की शेजारी गार्ड खडबडून उभा राहिला.

"तू मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुम्ही तरी पृथ्वीचं कुठे सांगितलं होतं?"

आठवडाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. गावभर लोक आपापल्या नोंदी मिरवत होते. त्यात शिंप्याच्या डोक्यावर तेवढा दुसऱ्याचा गुन्हा होता, आणि 'सगळं खरं आहे' अशी हमी मापसाहेबांनीच दिलेली. शेवटी त्यांनी ठरवलं, प्रदर्शनाच्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. खोली राहो न राहो.

प्रदर्शनाला अख्खं गाव लोटलं. वाळूच्या दोन बादल्या दाराशी होत्या, जनावरं नसल्याचा दाखला भिंतीवर टांगला होता. परवाना कारकून कोपऱ्यात अहवालाचा कागद घेऊन बसला होता आणि आज त्याने चक्क मान वर केली होती. बऱ्याच जणांनी त्याला ओळखलं नाही. शिंपी सर्वांत पुढे, पान त्र्याहत्तरसमोर उभा होता. स्वतःच शिवलेला नवा कोरा कोट घालून, सगळं कुटुंब बरोबर घेऊन.

मुख्याध्यापिकाबाईंचं बोलणं झाल्यावर मापसाहेब उभे राहिले.

"या वहीत एक नोंद खोटी आहे," ते म्हणाले. "पृथ्वीचा गोल यांनी फोडला नाही. मी फोडला. आणि नाव यांचं सांगितलं. सत्तेचाळीस वर्षांनी का होईना, मी सर्वांसमोर यांची माफी मागतो."

मापसाहेबांचे डोळे भरून आले होते. आता शिंपी पुढे येईल, कदाचित हात धरेल, कदाचित चार शब्द सुनावेल, काहीही चालेल असं त्यांना वाटत होतं. शिंपी पुढे आला खरा, पण तो रागाने लाल झाला होता.

"मापसाहेब, बसा खाली! पृथ्वी मी फोडलीय!"

"अहो, नाही, मी परीघ मोजत होतो..."

"परीघ? मधल्या सुट्टीत कोण परीघ मोजतं?" शिंप्याने लोकांकडे वळून विचारलं. लोकांना ते पटलं. "सगळ्या पाहुण्यांना सांगून आणलंय मी इथे. माझ्या नावावर या गावात दुसरं आहे काय? मोजून एक पृथ्वी! तीही यांना पाहिजे!"

"स्वतःची एक नोंद नाही ना वहीत," मागून कोणी तरी म्हणालं, "म्हणून दुसऱ्याची घेतायत." "माझीही नाही, पण मी अशी लबाडी केली का?" ग्रंथपाल दुखावून म्हणाले. नगराध्यक्षांनी तर मान हलवत सांगितलं, की दुसऱ्याचं आपलं म्हणून सांगणं काय असतं ते आपल्याला चांगलं कळतं. मापसाहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा गुन्हा कबूल केला होता, आणि गावाने त्यांना चोर ठरवलं होतं.

ते भिंतीला टेकून उभे राहिले. शिंपी शेजारी आला आणि त्याने आवाज खाली आणला. पार वर्गातला 'अरे' परत आला.

"अरे, मला माहीत नाही का कोणी फोडली ते? मी दारातच उभा होतो. तू दोरी खिशात कोंबत होतास."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"त्या आठवड्यात भूगोलाची तोंडी परीक्षा होती. मला एक नदी धड येत नव्हती. दहा छड्यांत ती टळत असेल तर काय वाईट? आणि वर्गाबाहेर आठवडाभर काय केलं माहितीय? फाटकासमोरच्या म्हाताऱ्या शिंप्याच्या दुकानात बसलो. त्याने मला मशीन चालवायला दिलं. तिथून उठलोच नाही बघ." तो हसला. "तुझं नाव वहीत आलं असतं ना, तर आज मी कुठे असतो कोण जाणे."

"आणि मी समजत होतो तू राग धरून आहेस. कधी धड बोलत नाहीस माझ्याशी."

"तोंडात टाचण्या असतात रे! बोललो तर गिळीन ना!"

मापसाहेबांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी दोन्ही केलं. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं होतं. ते सांगून उतरलं नव्हतं, कोणी घ्यायलाच तयार नाही म्हणून उतरलं होतं. एवढ्यात परवाना कारकून कागद घेऊन समोर आला.

"भर सभेत हरकत आली आहे," तो म्हणाला. "एक नोंद खोटी असल्याची. मला ती अहवालात लिहावी लागेल. नोंदी खोट्या म्हटल्यावर खोली काही मिळत नाही."

मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा पडला. शिंप्याने मापसाहेबांकडे पाहिलं. वहिनींनीही पाहिलं.

"यावर उपाय?" मापसाहेबांनी विचारलं.

"हरकत घेणाऱ्यानेच लिहून द्यायचं, की वहीतल्या सगळ्या नोंदी तपासल्या, त्या खऱ्या आहेत, माझी हरकत चुकीची होती. खाली सही. नावापुढे हुद्दा लिहा, 'निवृत्त निरीक्षक, वजनमापे'. म्हणजे वजन येईल."

मापसाहेबांनी कागद घेतला. पस्तीस वर्षं आणि त्या आधीची आणि नंतरची सगळी वर्षं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. मग त्यांनी चष्मा पुसला आणि हेडमास्तरांच्या टेबलावर वाकून सुवाच्य अक्षरात, रेघेला रेघ जुळवून, आयुष्यातला पहिला लेखी खोटा दाखला लिहायला घेतला. हुद्द्यासकट.

"नक्की ना, साहेब?" कारकुनाने विचारलं. "नंतर बदलता येणार नाही."

"बदलायचंच नाहीये," मापसाहेब म्हणाले आणि त्यांनी सही ठोकली.

खोली शाळेची झाली. पान त्र्याहत्तरसमोर गर्दी हटत नव्हती आणि शिंपी प्रत्येक नव्या घोळक्याला पृथ्वी कशी फुटली ते पहिल्यापासून सांगत होता. पहिल्या वेळी ती टेबलावरून पडली होती. दुसऱ्या वेळी कपाटावरून. मापसाहेबांनी चौथ्यांदा ऐकलं तेव्हा ती वरच्या मजल्यावरून खाली येत होती, आणि त्यांनी एका शब्दानेही त्याला अडवलं नाही.